नाक्यावर अडवलंत, म्हणून आभार

दाजीपूर अभयारण्याच्या वनरक्षक ताईंना,

सप्रेम नमस्कार.

ताई, त्या पहाटे तुम्ही आमचं शूटिंग नाक्यावरच थांबवलंत, त्याबद्दल हे पत्र. कोल्हापुरातून सुमारे 80 किलोमीटर, तेही अंधारात निघून आलो होतो. मी, कॉलेजात शिकणारी माझी भाची आणि तिचे दोन मित्र. पोरांना गव्यावर छोटा माहितीपट करायचा होता. सहल ठरवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "कॅमेऱ्याची पावती फाडली की झालं."

आम्ही तीच पावती मागितली. तुम्ही पावतीपुस्तकात कार्बन सरकवलात, आणि मागच्या सीटवरचा ट्रायपॉड आणि माईक पाहून पेन खाली ठेवलंत. "फोटो काढणार का शूटिंग करणार?"

मला राग आला होता. ओळखीच्या कुणाला तरी फोन लावावा म्हणून मोबाईल बाहेरही काढला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "फोन मागनं लावा. आधी चहा घ्या, अर्ज कसा करायचा ते सांगते."

नियम सांगून गाडी वळवायला लावणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही बाकड्यावर पोरांच्या शेजारी बसलात. पर्यटक म्हणून फोटो काढायचे तर नाक्यावरची कॅमेरा फी पुरते, पण माहितीपटाचं चित्रीकरण म्हणजे वेगळी परवानगी, हे समजावलंत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यातल्या कलम 28 प्रमाणे अभयारण्यात शिरायची परवानगी कोणकोणत्या कामासाठी मिळते ते ठरलेलं आहे. 2022 च्या दुरुस्तीत छायाचित्रणासोबत चित्रीकरणाचाही उल्लेख आला, पण अटीसह: अधिवासात बदल करायचा नाही, प्राण्यांना बाधा पोचवायची नाही. हे तुम्ही न बघता सांगितलंत. मग भाचीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलंत की अर्जात काय काय हवं. विषय, तारखा, माणसं किती, गाडीचा नंबर, सगळ्या सामानाची यादी. तुमच्या बोटाला लागलेली कार्बनची निळाई त्या पानावर उमटली आहे. यादीतला ड्रोन मात्र तिलाच खोडायला लावलात.

त्या दिवशी साध्या कॅमेऱ्याची पावती करून आम्ही फिरून आलो. अर्ज कोल्हापूरच्या वन्यजीव कार्यालयात दिला. दोनदा त्रुटी निघाल्या, आठवडे गेले. दोन्ही वेळा पोरांनी तुम्हालाच विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही वैतागला नाहीत.

मी राजारामपुरीत स्टुडिओ चालवतो. ज्या गावात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला ज्या गावाने कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, त्या गावात कॅमेऱ्याला कुणी अडवतं ही कल्पनाच मला सोसत नव्हती. पण 2021 च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीवर आले, तेव्हा मोबाईल उंचावून त्यांच्यामागे धावणारी गर्दी मीही पाहिली आहे. भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला. बिथरलेल्या जनावराला सगळ्या बाजूंनी कॅमेऱ्यांनी घेरलं की काय होतं, हे त्या आठवड्यात कळायला हवं होतं. मला ते कळलं तुमच्यासोबत सड्यावर, जंगलातल्या उघड्या पठारावर.

परवानगी घेऊन आलो तेव्हा तुम्हीच बरोबर होतात. दवाने ओलं गवत, आणि पलीकडच्या रानातून गव्यांचा कळप बाहेर पडत होता. काळेभोर अंग, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय. एक गाय थबकली. तिच्या पोटाशी तांबूस वासरू होतं. मी पुढे सरकलो, चांगला शॉट होता. तिने मान उचलली आणि शिट्टीसारखा फूत्कार टाकला. तुम्ही हात आडवा केलात. आवाज न चढवता दोनच शब्द बोललात. आम्ही खाली बसलो. वासरू दुसऱ्या बाजूने आईच्या आड गेलं, कळप सावकाश रानात उतरला, तोवर तुम्ही हात खाली घेतला नाहीत.

त्या आधी मी पंचवीस वर्षं लग्नाच्या मांडवात "जरा सरका, जरा सरका" म्हणत माणसं बाजूला सारत आलो. जंगलात सरकायचं आपण असतं, हे मला कुणी असं हात धरून शिकवलं नव्हतं. पोरांना तर ते पहिल्याच कामात शिकायला मिळालं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

ताई, माहितीपट पूर्ण झाला. अटीप्रमाणे एक प्रत कार्यालयात जमा केली आहे, तुमच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवलाय, पुढच्या फेरीत नाक्यावर आणून देईन. सातव्या मिनिटाला चित्रात फक्त गवत दिसतं आणि तुमचा आवाज ऐकू येतो, "कॅमेरा खाली." भाची म्हणाली, हे कापायचं नाही. नाही कापलं.

आपला,
राजारामपुरीतला एक छायाचित्रकार, कोल्हापूर