बिअरचे जुने केग कापण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, दुधाच्या कॅनची दुरुस्ती आणि हॉटेलांच्या भटारखान्यातील भांडी अशी कामे मी गेली २९ वर्षे करीत आहे. अलीकडे माझ्या दुकानात महिन्या-दोन महिन्यांतून एखादा तरुण रिक्षात घालून बिअरचा जुना केग, म्हणजे बिअर भरून पाठवण्याचे स्टीलचे बंद पिंप, घेऊन येतो आणि "काका, एवढं वरचं तोंड कापून द्या, खाली एक कॉक बसवून द्या" असे सांगतो. भंगारात तो वजनावर मिळालेला असतो. कोणाला त्यात गोठ्यासाठी पाणी तापवायचे असते, कोणाला आंबोण शिजवायचे असते, आणि कोणी परदेशातील व्हिडिओ पाहून घरी बिअर बनवण्याचा मोठा संच उभारण्याच्या विचारात असतो. अशा कामात जीव जाऊ शकतो, आणि ही गोष्ट केग आणणाऱ्यास, विकणाऱ्यास आणि बहुतेक वेळा कापणाऱ्यासही माहीत नसते. ती चार लोकांच्या वाचनात यावी म्हणून आपल्या वृत्तपत्राकडे हे पत्र पाठवीत आहे.

प्रथम ही कल्पना मुळात कोठून आली ते सांगतो, कारण तिच्यात चुकीचे असे काही नाही. माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याच्या गॅरेजमध्ये अशा तीन केगांची मांडणी मी पाहिली आणि त्यातील एकाचे वेल्डिंग मीच करून दिले. तिकडे घरी बिअर बनवणे हा कायदेशीर छंद आहे. दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, परंतु घरगुती बिअर तशीच राहून गेली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून काढली. त्यानुसार एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते. नवशिका माणूस साधारण ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या घाण्यापासून सुरुवात करतो. पण धान्य भिजवणे, अर्क उकळणे, थंड करणे आणि शेवटी सगळे धुऊन ठेवणे यांत १९ लिटरला जेवढा दिवस मोडतो, जवळजवळ तेवढाच ३८ लिटरलाही मोडतो. त्यामुळे दोन-चार घाणे झाले की माणूस मोठे भांडे शोधू लागतो. नवे मोठे भांडे महाग पडते, आणि वापरातून बाद झालेला केग त्या मानाने स्वस्तात मिळतो.

भांडे म्हणून केग खरोखरच उत्तम आहे. तो ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेला असतो. वर धरायला कडे आणि खाली बसायला बैठक घडवलेलीच असते. अमेरिकेतील मोठा केग साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे जवळजवळ ५९ लिटरचा असतो. आपल्याकडे माझ्या पाहण्यात ५० आणि ३० लिटरचे अधिक येतात. ३८ लिटर तयार माल हवा असेल तर उकळताना वाफ होऊन जाणारे पाणी धरून सुमारे ४५ लिटरने सुरुवात करावी लागते. ५९ लिटरच्या भांड्यात वर १४ लिटर जागा मोकळी राहते आणि ऊत आवरता येतो. ५० लिटरच्या केगात हेच केले तर पहिल्या उकळीलाच फेस बाहेर येतो. गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा राहिलेला आपल्याकडचा कोणताही गुळव्या हे न सांगता ओळखेल. उसाचा रस असो की माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, अर्क, उकळी फुटताना त्याला वर यायला जागा द्यावीच लागते.

आता मूळ मुद्दा. बिअर केगातून बाहेर येते ती कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने. शेवटचा ग्लास भरला जातो तेव्हा त्या केगात बिअर उरलेली नसते, परंतु तो पूर्ण वायूने भरलेला असतो आणि तोही दाबाखाली. असा केग हलका लागतो, हलवला तर आत काही वाजत नाही, म्हणून लोक त्याला रिकामा समजतात. तळाशी थोडी बिअर आणि यीस्ट राहिले असेल तर भंगारच्या ढिगात, एप्रिल-मेच्या उन्हात, आंबण्याची क्रिया पुन्हा सुरू होऊन दाब आणखी वाढू शकतो. केगाच्या तोंडात वरपासून तळापर्यंत जाणारी एक नळी असते. तिला स्पिअर म्हणतात. काही केगांत ती आट्यांवर बसवलेली असते, तर काहींत केवळ एका सर्कलिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीने, धरून ठेवलेली असते. हे तोंड सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर क्षेत्राचे. आत दर चौरस सेंटिमीटरला अवघा १ किलो दाब असला तरी त्या नळीवर २० किलोचा रेटा असतो, आणि दाब चौपट असेल तर ८० किलोचा. स्क्रू-ड्रायव्हरने सर्कलिप उचकटणारा माणूस नेमका त्या तोंडावर वाकलेला असतो. सर्कलिप सुटताच ती नळी भाल्यासारखी वर येते.

माझ्या स्वतःच्या दुकानात घडलेली गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एक केग आला. मी बाहेर गेलो होतो आणि माझ्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने टाकी कापावी तसा त्याला थेट ग्राइंडर लावला. पत्रा फुटताच आतील वायू आणि शिळ्या बिअरचा फेस जोराने बाहेर आला, मुलाचा हात दचकून वाकडा झाला, चकती अडकली आणि तिचे तुकडे उडाले. त्याच्या मनगटाला सहा टाके पडले. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. चूक त्याची नव्हती, माझी होती. तो आला त्याच दिवशी मी त्याला हे शिकवायला हवे होते. तेव्हापासून दाब सोडल्याची खात्री मी स्वतः केल्याशिवाय माझ्या दुकानात कोणत्याही केगाला हत्यार लागत नाही.

दाब सोडण्याची रीत अवघड नाही. केग सरळ उभा ठेवावा, मोकळ्या हवेत ठेवावा, आणि शक्य असेल तर त्याच्या जातीचा कपलर, म्हणजे बिअर काढण्यासाठी तोंडावर बसवायचा जोड, लावून वायू सोडावा. कपलर नसेल तर तोंडावर जाड ओले फडके टाकून, आपले तोंड बाजूला ठेवून, मधला व्हॉल्व्ह एखाद्या बोथट दांड्याने दाबावा. फुसफुस थांबली म्हणजे काम झाले असे समजू नये. व्हॉल्व्ह काही वेळ दाबून धरावा आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबून पाहावा. आवाज पूर्ण बंद झाल्यावरच सर्कलिप किंवा आटे सोडवून स्पिअर बाहेर काढावा, आणि त्यानंतरच कापण्याचा विचार करावा. एवढे करायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. प्लास्टिकच्या केगाला मात्र कोणी हातच लावू नये. २०१२ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात एका ब्रुअरीमध्ये, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, प्लास्टिकचा केग हवेच्या दाबाने धुताना फुटला आणि त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला.

येथे रंगाच्या, थिनरच्या आणि रसायनांच्या पिंपांविषयीही एक शब्द लिहितो, कारण भंगारात ती केगांच्या शेजारीच पडलेली असतात. केगात पेट घेणारी वाफ नसते, दाब असतो. या पिंपांत दाब नसला तरी पेट घेणारी वाफ असते, आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. अशी पिंपे खाण्यापिण्याच्या कामासाठी तर कितीही धुतली तरी चालत नाहीत.

केग मोकळा झाल्यावर पुढील काम उद्यमनगरातील कोणत्याही चांगल्या कारागिराच्या हातचे आहे. वरच्या कड्याच्या आत ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून १ मिलिमीटर जाडीच्या चकतीने कापले की कडे शाबूत राहते आणि धरायला उपयोगी पडते. चकती नवी, केवळ स्टेनलेससाठी ठेवलेली असावी. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर वापरलेली चकती किंवा तारेचा ब्रश लावला तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि आठ दिवसांत तेथे गंज दिसू लागतो. मग गिऱ्हाईक म्हणते की स्टीलच खोटे होते. खाली कॉकसाठी अर्ध्या इंची सॉकेट आर्गन वेल्डिंगने बसवताना आतल्या बाजूलाही आर्गन वायू सोडावा लागतो. तो न सोडल्यास वेल्डची आतली बाजू जळून साखरेच्या खड्यांसारखी खरबरीत होते, आणि त्या खाचांत जंतू असे बसतात की घासून निघत नाहीत. वेळ आणि वायू वाचवण्यासाठी आपल्याकडे बरेच जण ही पायरी गाळतात, आणि पाण्याच्या टाकीत ते खपूनही जाते. अन्नाच्या भांड्यात ते खपवू नये, असे माझे माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीचे सांगणे आहे. वेल्डिंगनंतर सायट्रिक ॲसिडने पृष्ठभाग स्वच्छ करून घ्यावा. व्हॉल्व्ह स्टेनलेसचाच घ्यावा. माल्टचा अर्क किंचित आंबट असतो आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, फिटिंगवरील जस्त त्यात उतरते. धुण्यासाठी ब्लीचिंगचे पाणी वापरू नये, कारण क्लोरिनमुळे स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात.

भट्टीचाही विचार करावा लागतो. ४५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे १४ हजार किलोज्यूल उष्णता लागते. घरातील शेगडी त्यासाठी अपुरी पडते आणि तिचा सांगाडाही तेवढे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो; भरलेला केग ५८ किलोंच्या आसपास जातो आणि त्यातले पाणी उकळते असते. अँगलचा रुंद पायांचा, जमिनीलगतचा स्टँड करून घ्यावा. आणखी एक स्पष्ट मत नोंदवतो. स्टेनलेस उष्णता फार सावकाश पसरवते आणि केगाचा पत्रा पातळ असतो. पाणी किंवा पाण्यासारखा पातळ अर्क त्यात छान उकळतो, परंतु मसाला दूध किंवा काकवी करायला गेल्यास ज्योतीच्या वर बरोबर गोल डाग पडून ती करपते. आंबोणही सतत ढवळावे लागते. त्या कामांना जाड बुडाचे पातेलेच बरे, आणि मी गिऱ्हाइकाला तसे सांगून परत पाठवतो.

राहिला कायद्याचा प्रश्न, तो मला टाळायचा नाही. अमेरिकेत जे चालते ते येथे चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरात स्वतःपुरते केलेले का असेना. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना याची कल्पनाच नसते. त्यांचा छंद प्रामाणिक असतो, त्यांचे वाचन माझ्यापेक्षा जास्त असते, आणि त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटते. तरीही त्या हेतूने आलेला केग मी करून देत नाही. ज्यांना या कामाची खरीच ओढ आहे त्यांनी परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, काम शिकावे. तेथे नव्या पाककृतीचा छोटा घाणा घेऊन पाहण्यासाठी अशी भांडी लागतात, आणि ती बनवून द्यायला मला आनंदच होईल.

त्याचबरोबर केग कोणाचा, हेही पाहायला हवे. केगाच्या कड्यावर बहुधा कंपनीचे नाव ठोकलेले असते. बिअर विकणाऱ्याने भरलेली अनामत म्हणजे केगाची किंमत नव्हे. केग कंपनीच्या मालकीचाच राहतो आणि तो परत जायचा असतो. कंपनीने स्वतः बाद करून विकलेला असेल तर त्याचा कागद असतो. कागद नसलेला केग चोरीचा असू शकतो, आणि तो कापणारा कारागीर विनाकारण चौकशीत सापडतो.

म्हणून भंगार व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बिलाशिवाय केग घेऊ नयेत, आणि घेतलेले केग स्पिअर काढल्याशिवाय किरकोळ गिऱ्हाइकाला विकू नयेत. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणाऱ्या शिक्षकांनी बंद भांडे कापण्यापूर्वी घ्यायची काळजी प्रात्यक्षिकासह दाखवावी. गॅसची टाकी, कॉम्प्रेसरची टाकी आणि केग ही तिन्ही मुलांच्या हाताखालून कधी ना कधी जाणारच आहेत. मी स्वतः एक बाद केग उभा चिरून दुकानात ठेवला आहे. त्यात स्पिअर कसा बसतो, सर्कलिप कोठे असते आणि व्हॉल्व्ह दाबल्यावर वायू कोणत्या वाटेने बाहेर येतो, हे सगळे उघड दिसते. आमचा बाजार सोमवारी बंद असतो. त्या दिवशी सकाळी कोणत्याही संस्थेची मुले पाहायला आली तर मी दुकान उघडून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक फॅब्रिकेटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर