चौथा मोगली

गावभाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही. पुढचं वाचून चिडणारच आहेस, तेव्हा दोन्हीचा राग एकदमच काढ. आई बरी आहे, माझी बीपीची गोळी चालू आहे.

मर्दा, मी चौथा विकला.

टीव्हीवरच्या मोगलीच्या कार्टूनसाठी काढलेल्या, आपल्या सात पेन्सिल चित्रांतला. निम्मे पैसे तुझे, तरी तुला न विचारता. बंगळुरूच्या एकाला तेवढाच हवा होता. पहिल्या चित्रात मोगली डावीकडे बघतो, सातव्यात उजवीकडे. दोन्ही डोळे उघडे ठेवून सरळ आपल्याकडे बघतो तो फक्त चौथ्यात. भिंतीवर लावायला लोकांना तसलाच लागतो. सातही मिळून आपण ६,००० ला घेतलेले, त्याने एकाचे ४,५०० दिले. छपराच्या गळतीला होतील, अशी मनाची समजूत घातली. गळती अजून आहे.

त्याच रात्री उरलेले सहा कागद घेतले, वरची तीन भोकं जुळवली, मधलं गोल आणि बाजूची लांबट, आणि तू करायचास तसे भर्रकन सोडले. मान वळता वळता मध्येच हिसका बसतो रे, उसण भरल्यासारखा. सेकंदाला २४ फ्रेम, त्यात जपानी टीव्हीवाले एक चित्र बहुतेकदा ३ फ्रेम धरायचे. म्हणजे मी सेकंदाचा आठवा भाग विकला आणि तीन महिने झोप नाही.

तुला रंगीत सेल हवा होता, म्हणजे पारदर्शक ॲसिटेटवर रंगवलेलं चित्र, आठवतंय? ॲसिटेट कुजलं की व्हिनेगरसारखा वास मारतं, रंग मागच्या कागदाला चिकटतो, पेन्सिल मात्र राहते, म्हणून मी तासभर भांडलो होतो. जिंकलोही. आणि राहणारी वस्तू मीच घालवली. (मोगली आपल्याकडचा म्हणून तू पैज लावलीस आणि चित्रं निघाली १९८९ ची, जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. त्या पैजेचा वडापाव अजून येणं आहे.)

हिला सांगितलेलं नाही. २०१९ च्या पुरात मी सिलिंडरच्या आधी ती फाइल माळ्यावर नेली, हे ती अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते. आता त्यातलंच एक विकलं म्हटल्यावर काय तोंड दाखवू?

पाठवायच्या आधी एक केलं. खिडकीच्या काचेवर धरून चौथा गिरवून ठेवला. हनुवटीखाली सावलीची हद्द दाखवणारी लाल पेन्सिलीची बारीक रेघ आहे ना, तीसुद्धा. पण माझा मोगली थेट आपल्या पीटीच्या सरांसारखा झालाय. मध्ये घालून बघितला. हिसका गेला, पण डावीकडून उजवीकडे जाताना क्षणभर सर दिसून जातात.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंकीची बारावी ना यंदा? तिला आशीर्वाद. पुण्याचं घर झालं का रंगवून?

तुझे २,२५० पाकिटात वेगळे ठेवलेत, फोनवरून पाठवणार नाही. त्या माणसाला परत मागायचं का, तूच ठरव. आणि मागायचं तर तूच बोल, तुझं इंग्रजी बरं आहे. मी मागितलं तर तो आणखी एक विकत घेईल.

शिव्या द्यायला तरी ये. भडंग आणून ठेवतो.

तुझा,
बाळ्या