साहेब, "त्या बाईचा आपल्याशी काय संबंध?" तामलूकहून खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा. बावीस वर्षं झाली, बंगालात तामलूकला दुकान आहे. गावच्या यात्रेत तुम्ही माईकवर शब्द दिला होता की आपल्या शाळेची चाळीस पोरं २९ सप्टेंबरला स्वातंत्र्यसैनिक मातंगिनी हाजरांच्या स्मृतिदिनाला तामलूकला नेणार, आणि खाली उतरल्यावर मला म्हणालात, "तिकडची सोय तुम्ही बघा." बघितली. हॉल बुक केला, अठरा हजार ॲडव्हान्स खिशातनं भरला, दोन आचारी ठरवले. आणि काल तुमच्या ऑफिसातनं फोन की बजेट नाही. तेही सोसलं असतं, पण तो माणूस पुढं म्हणतो, "कोण हाजरा? त्या बाईचा आपल्याशी काय संबंध?"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. संबंध मी सांगतो.

तामलूकजवळच्या होगला गावात गरिबाघरी जन्मलेली ही बाई, शाळा माहीत नाही, अठराव्या वर्षी विधवा. साठी उलटल्यावर मिठाच्या सत्याग्रहात उतरली, जेल भोगली. २९ सप्टेंबर १९४२ ला, सत्तरी ओलांडलेली असताना, तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावरच्या मोर्चात पुढं चालली, गोळ्या लागल्या तरी झेंडा सोडला नाही, वंदे मातरम म्हणत गेली. इथं तिला गांधीबुडी म्हणतात, म्हणजे गांधीवाली म्हातारी. माझ्या दुकानातला कारागीर तिचं नाव निघालं की हातातला चिमटा खाली ठेवून हात जोडून कपाळाला लावतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इथं वादळात हजारो माणसं मेली, आणि १७ डिसेंबरला सतीशचंद्र सामंतांनी इंग्रजांना न जुमानता ताम्रलिप्त जातीय सरकार उभं केलं (ताम्रलिप्त म्हणजे तामलूक, आणि बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय), तेही ह्याच मातीतले. वादळग्रस्तांना मदत, स्वतःची कोर्टं, सगळं चालवलं १९४४ पर्यंत. आणि १९४३ ला आपल्याकडं नाना पाटलांचं प्रतिसरकार! खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच. लढणारी पोरं म्हणजे आपली तुफान सेना, त्यांची विद्युत वाहिनी. माझ्या आजीनं जोंधळ्याच्या रानातनं तुफान सेनेच्या पोरांना भाकरी पोचवली आणि तिच्या नातवाला तुम्ही विचारता संबंध काय?

खुदीराम बोसही इथल्या मेदिनीपूरचाच. मुझफ्फरपूरला इंग्रज न्यायाधीशाला मारायला बॉम्ब टाकला म्हणून ११ ऑगस्ट १९०८ ला फासावर गेला, वय अठरा. त्याच बॉम्बवर केसरीत लिहिलं म्हणून टिळकांना सहा वर्षं मंडाले. समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांचं वीरसिंह गावही इथलंच, त्यांचं विधवाविवाहाचं पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं. हे मला, दहावी झालेल्या गलाईवाल्याला माहीत आहे, आणि पगार घेऊन बसलेल्या तुमच्या माणसाला नाही.

एकट्या तुमच्यावर राग नाही, अख्खी व्यवस्थाच अशी आहे. २०२१ ला लाल किल्ल्यावरच्या भाषणात मातंगिनींना आसामचं म्हटलं गेलं. दिल्लीतच असं, मग तालुक्याला काय बोलायचं. पुतळ्याला पैसा निघतो, हाराला निघतो, पोरांच्या रेल्वे तिकिटाला निघत नाही. शाळेत नावं पाठ करून घेतात, पण ती माणसं कुठल्या खेड्यातली, त्यांच्या घरात चूल पेटत होती का, कोण सांगतं? आमचे वडील रानात पाणी येईल म्हणून तुमच्यासारख्यांच्या सभांना बसून बसून गेले, पाणी आलं नाही म्हणून आम्ही मूस आणि भट्टी घेऊन हजारो किलोमीटर लांब येऊन पडलो. गाव सुटलं साहेब, आईच्या शेवटच्या घटकेला पोचलो नाही. एवढं सोसून एकच गोष्ट मागितली होती, ती पण माझ्यासाठी नाही.

अठरा हजार बुडाले, जाऊ देत. पण आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका पोरीनं परवा व्हिडिओ कॉलवर मला फडक्यात बांधलेला पसाभर जोंधळा दाखवला. "काका, त्या आज्जींच्या पुतळ्यापाशी ठेवायचाय." तिला आता काय सांगायचं, ते मला लेखी कळवा. पत्ता तुमच्या ऑफिसात दोनदा दिलाय.

आपला,
तामलूकचा एक गलाईवाला