‘पुढची नोंद’ म्हणजे नेमकी कोणती?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लेखकवार ग्रंथसूची पाहत असताना तिसऱ्या पानाच्या शेवटी दिसलेले पुस्तक मला चौथ्या पानाच्या आरंभी पुन्हा दिसले आणि त्याच लेखकाचे, मी स्वतः कपाटात पाहिलेले दुसरे पुस्तक मात्र कोणत्याच पानावर आढळले नाही. दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेला स्वतंत्र क्रमांक, टाकून शोधल्यावर ते लगेच समोर आले. म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये होती. एका नोंदीवरून दुसरीकडे नेणारा कोड तिला ओलांडून पुढे गेला होता. प्रोग्रॅमिंग शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या चुकीचे मूळ आम्हा शिक्षकांच्या शिकवण्यातच आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

आमच्या पिढीचा हात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रणालीवर बसला. ‘गो टॉप’ने पहिल्या नोंदीवर जायचे, ‘स्किप’ने एकेक नोंद पुढे सरकायचे, ‘स्किप उणे एक’ने मागे यायचे आणि ‘ईओएफ’ (फाइल संपल्याची खूण) खरे झाले की थांबायचे, एवढ्या आज्ञांवर पतसंस्थेचे खातेपुस्तक चालत असे. लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या आज्ञांमध्ये, ‘स्किप’ लिहायला विसरलेला विद्यार्थी त्याच नोंदीवर अडकून पडे. फाइल संपल्यावरही आणखी एकदा ‘स्किप’ केले की त्रुटीचा संदेश येई. रिकाम्या फाइलीत आरंभ आणि शेवट या दोन्ही खुणा एकाच वेळी खऱ्या असतात, हे तर बहुतेकांना पहिल्यांदा चूक झाल्यावरच कळे. पण तेथे एक सोय होती. इंडेक्स (नोंदींचा क्रम ठरवणारी सूची) लावलेला नसला, तरी प्रत्येक नोंदीला फाइलीतील स्वतःचा क्रमांक असे, त्यामुळे ‘पुढची नोंद’ या शब्दांना कायम काही ना काही अर्थ असे. ती सवय आम्ही पुढच्या पिढीला दिली, पण तिच्यामागचे गृहीतक सांगितले नाही.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ चार्ल्स बाकमन यांना १९७३ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नोंदींच्या विश्वात वाट काढणारा नाविक म्हटले होते. त्याआधीच, १९७० मध्ये, आयबीएममधील एडगर कॉड यांनी मांडलेल्या रचनेत मात्र टेबल हा नोंदींचा संच असतो आणि संचात आधीचे-नंतरचे असे काही नसते. डेटाबेसला विचारणा करण्याची आजची भाषा, एसक्यूएल, या दुसऱ्या विचारावर उभी आहे. तिच्यात ‘ऑर्डर बाय’ (अमुक क्रमाने लावा) असे लिहिले नसेल, तर नोंदी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. काल आलेला क्रम नवा इंडेक्स तयार झाल्यावर आज बदलू शकतो.

तरीही ‘पुढे’ या बटणामागे ‘सध्याच्या क्रमांकात एक मिळवा’ असा कोड मी आजही विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहतो. मधली एखादी नोंद काढून टाकलेली असली की तेथे खड्डा पडतो आणि स्क्रीन रिकामी दिसते. ‘सध्याच्या क्रमांकापेक्षा मोठे असलेले क्रमांक चढत्या क्रमाने लावा आणि त्यातील पहिला द्या’ ही बरोबर विचारणा आहे. मागे जाण्यासाठी लहान क्रमांक घ्यायचे आणि ते उतरत्या क्रमाने लावायचे.

ग्रंथसूचीत घडले ते याहून थोडे बारीक आहे. केवळ लेखकाच्या नावावर क्रम लावला आणि त्या लेखकाची तीस पुस्तके असली, तर त्या तिसांचा आपापसातील क्रम अनिश्चितच राहतो. अशा यादीवर ‘ऑफसेट’ वापरून ‘पहिली साठ सोडा, पुढची वीस द्या’ असे प्रत्येक पानासाठी नव्याने सांगितले की एखादे पुस्तक दोनदा येते आणि एखादे अजिबात येत नाही. क्रम पक्का केला तरी, वाचक पाने उलटत असताना आधीच्या भागात कोणी नवी नोंद केली की सगळी यादी एका घराने सरकते. शिवाय सोडलेल्या नोंदीही डेटाबेसला मोजाव्याच लागतात, त्यामुळे मोठ्या यादीची शेवटची पाने उगीच संथ होतात. यावरचा उपाय म्हणजे नावाच्या जोडीला दाखल क्रमांकही क्रमात घ्यायचा, आणि मागच्या पानावरील शेवटच्या नोंदीची ही जोडी लक्षात ठेवून तिच्या नंतरच्या नोंदी मागायच्या.

मराठी सूचीला आणखी एक अडचण आहे. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येते, आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे निव्वळ संकेतांकांवर क्रम लावला की ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येतो, आणि कोशाची सवय असलेला वाचक तो नेमका चुकीच्या जागी शोधतो. मराठीचे वर्णक्रमाचे नियम अनेक डेटाबेसमध्ये वापरता येतात. ते निवडण्याचे काम मात्र प्रोग्रॅमरला आठवणीने करावे लागते.

महाविद्यालयांतील माझ्या सहव्यवसायी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत ‘पुढे’ आणि ‘मागे’ची बटणे चालतात एवढेच पाहून गुण देऊ नयेत. मधल्या दोन नोंदी काढून, एकाच नावाच्या चार नोंदी घालून आणि शेवटी टेबल पूर्ण रिकामे करून तीच बटणे पुन्हा दाबायला लावावीत. आपल्या वृत्तपत्रातील संगणकविषयक सदरातही या विषयाला एखादे वेळी जागा मिळाली, तर ग्रंथालयांची आणि संस्थांची संकेतस्थळे तयार करणाऱ्या तरुणांपर्यंत हे पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक शिक्षक