पदक नसलेल्या पोरांबद्दल पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारगिल विजय दिवसाचं तुमचं पान वाचलं. चांगलं होतं, पण नावं परत तीच, परमवीर चक्र आणि महावीर चक्रवाली. ती यायलाच हवीत, पण कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले, मग बाकीच्यांच्या घरच्यांनी पेपर उघडून काय बघायचं?

हे लिहायला कारण म्हणजे मागे मुलीकडे अमेरिकेत होतो तेव्हा तिच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ मला वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर घेऊन गेले. काळ्या ग्रॅनाइटची लांबलचक भिंत आहे, १९८२ ची, आणि दगड चक्क आपल्या कर्नाटकातून गेलेला. त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं, पण हुद्दा कोणाचाच नाही, मोठा ऑफिसर असो की साधा शिपाई, जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने नाव. मला हे फार योग्य वाटलं. लोक नावावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि उमटलेलं नाव घरी नेतात, त्यांनी पण नेलं, थोरल्या भावाचं.

हा भाऊ स्वतःहून फौजेत गेलेला नव्हता. तेव्हा तिकडे सक्तीची भरती होती (ती १९७३ मध्ये बंद झाली), कॉलेजात शिकणाऱ्यांना सूट मिळायची आणि हा गॅरेजात कामाला, म्हणून १९ व्या वर्षी सरकारी पत्र आलं आणि जावं लागलं. १९६८ मध्ये तिथेच मारला गेला, त्या युद्धात सगळ्यात जास्त अमेरिकन पोरं त्याच वर्षी मेली. पदक वगैरे काही नाही. घरी पत्रं यायची त्यात सरबताची पावडर पाठवा म्हणायचा, कारण तिथलं औषध टाकलेलं पाणी घशाखाली उतरत नसे. धाकट्याला मोटरसायकल शिकवीन असं कबूल केलेलं, ते राहून गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे युद्धावर लोक इतके चिडलेले की गेलेल्या पोराबद्दल बोलायची सुद्धा चोरी, आई तर बाहेर कोणापाशी त्याचं नावच काढत नसे. अहो, युद्ध त्या पोराने सुरू केलं होतं का? युद्ध चूक की बरोबर यावर भांडा ना खुशाल, पण त्याच्या आईला रडायला तरी द्या!

आपल्याकडे सक्ती नाही, आपली पोरं स्वतः भरतीला धावतात, लष्करी छावणीचं महू इथून तासाभरावर आहे त्यामुळे इंदूरकरांना फौज काही नवीन नाही. दिल्लीला २०१९ पासून राष्ट्रीय समर स्मारक आहे, तिथे ग्रॅनाइटवर एकेकाचं नाव कोरलंय, मी बघितलंय. पण आपल्या गल्लीतला कोण होता हे गल्लीतच माहीत नाही. चौकात बॅनर लागतो, फोटो, खाली "अमर रहे", आणि पुढच्या वर्षी तिथे कोचिंग क्लासची जाहिरात.

म्हणून विनंती अशी की ज्या तारखेला इंदूर, महू, देवासचा एखादा जवान लढाईत गेला असेल त्या तारखेला आतल्या पानावर चार ओळी छापा, पदक असो नसो. नाव, वय, पलटण तर द्याच, पण शाळा कुठली, क्रिकेट खेळायचा की कबड्डी, घरी काय म्हणायचे त्याला, हे पण लिहा. घरच्यांना आधी विचारा मात्र, कोणाला नको असेल तर नको. रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर या भागातल्या घरी जाऊन माहिती आणायला मी आणि आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले दोन रिटायर्ड फौजी तयार आहोत. ऑफिसात कधी येऊन भेटू ते कळवा.

आपला,
एक जुना वाचक, इंदूर