हिरवळीवरची औषधे आणि कोंबड्यांची चोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरवळीसाठीच्या बहुतेक औषधांच्या डब्यावर ‘फवारणी वाळेपर्यंत मुले व पाळीव प्राणी दूर ठेवा’ अशा अर्थाची सूचना असते. घरात कुत्रा-मांजर असेल तर ती बऱ्यापैकी पुरते. परसात कोंबड्या असतील तर मुळीच पुरत नाही, आणि बागकामाच्या सल्ल्यात हे क्वचितच सांगितले जाते, म्हणून हे पत्र.

ओले औषध अंगाला लागू नये, एवढाच त्या सूचनेचा रोख असतो. कोंबडी मात्र हिरवळीवरून नुसती चालत नाही. ती पाती खुडते, माती उकरते, किडे टिपते, धुळीत लोळते आणि मग तीच पिसे चोचीने साफ करत बसते. पानावर वाळलेले औषध अशा चार वाटांनी तिच्या पोटात जाते.

सर्वांत घातक दाणेदार औषधे. कोंबडीला दात नाहीत. खाल्लेले दळण्यासाठी ती बारीक खडे शोधून गिळते. एक-दोन मिलिमीटरचा औषधाचा दाणा तिला तसाच खडा वाटतो आणि तो ती वेचून खाते. कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचा एकच दाणा लहान पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. डायझिनॉन या कीटकनाशकाने हिरवळीवर चरणारे पक्षी मरू लागल्यावर अमेरिकेत १९८८ साली गोल्फ मैदानांवर त्याच्या वापराला बंदी आली. ही औषधे, तसेच फोरेट आणि क्लोरपायरीफॉस, मज्जातंतूंवर एकाच पद्धतीने आघात करतात. दाणे टाकून वर पाणी मारले की काम झाले, असे समजू नये. पाण्याने औषध काही प्रमाणात मुरते. पण औषध ज्यावर चढवलेले असते तो वाळूचा किंवा चिकणमातीचा दाणा वरच राहतो, त्यावर अंश उरतो, आणि कोंबडी तर दोन-तीन इंच माती सहज उकरते. कडेला, वाफ्याच्या कोपऱ्यात किंवा पिशवी फोडली तिथे सांडलेला ढीग तर उघडच पडलेला असतो.

हुमणीसाठी (गवताची मुळे खाणाऱ्या अळीसाठी) औषध घातल्यावर आणखी एक घडते. अर्धमेल्या अळ्या वर येतात आणि कोंबड्या नेमक्या तिथेच धावतात. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कोंड्यात बनवलेल्या असतात, म्हणजे कोंबडीच्या दृष्टीने खाद्यच. जिथे कोंबड्या फिरतात तिथे त्या वापरूच नयेत. तणनाशक मिसळलेल्या दाणेदार खतालाही हेच लागू. साधा युरियासुद्धा सांडून राहू देऊ नये, आणि तो विरघळलेली डबकी कोंबड्यांना पिऊ देऊ नयेत. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असू शकते, तेव्हा ‘सेंद्रिय’ या शब्दावर विसंबू नका.

कोंबडी धडधाकट दिसते म्हणून अंडे निर्धोक ठरत नाही. बलकाची मुख्य वाढ साधारण दहा दिवस चालते आणि चरबीत विरघळणारी औषधे त्यात साठतात. २०१७ मध्ये युरोपात फिप्रोनिल या कीटकनाशकामुळे लाखो अंडी परत मागवावी लागली. तिथे ते कोंबड्यांच्या घरांतील माइट (रक्त शोषणारे बारीक कीटक) मारण्यासाठी वापरलेल्या द्रावणात बेकायदा मिसळलेले होते. मुंग्या आणि वाळवीवरही हेच औषध वापरतात. म्हणून लेबलवर जनावरे चारण्याबाबत मुदत दिली असेल तर ती पाळा; तशी मुदतच नसेल तर त्या हिरवळीवर कोंबड्या सोडू नका. हे कडक वाटेल, पण अंडी घरात खाणार असाल तर याहून सैल नियम आम्हाला मान्य नाही.

तरीही फवारायचेच असेल, तर आदल्या संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडा. खाद्य-पाण्याची भांडी उचलून आत घ्या. तुषार बारीक नको, जाड पडेल अशी तोटी लावा. वारा खुराड्याकडून हिरवळीकडे मंद वाहत असावा. पहाटेची अगदी स्तब्ध हवा चांगली असे अनेकांना वाटते, पण तेव्हा जमिनीलगतच्या थंड थरात बारीक थेंब तरंगत राहतात आणि भलतीकडे सरकतात. शेजारी फवारणार असेल तर एक दिवस आधी कळवायला सांगा आणि त्या बाजूला दाट झुडपे किंवा शेडनेट लावा. सपाट भिंतीवरून वारा उसळून पलीकडे उतरतो. जाळीदार आडोसा थेंब अधिक अडवतो.

फवारलेल्या हिरवळीचे कापलेले गवत खुराड्यात अंथरू नका. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड यांसारखी काही तणनाशके कंपोस्टमध्येही लवकर विघटित होत नाहीत. ते खत टोमॅटोला घातले की पाने पिळवटतात.

बहुतेक परसांत औषधांची गरजच पडत नाही. गवत तीन इंचांपेक्षा खाली कापू नका, म्हणजे तण दबते. उरलेले खुरप्याने काढा. हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी ओलाव्यात वापरता येते. हलते कुंपण करून कोंबड्यांना जागा बदलत फिरवले तर अळ्या त्या स्वतःच टिपतात.

विषबाधेची लक्षणे: चोचीतून लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ विष्ठा, तोल जाणे, थरथर, धाप. हे मानमोडी (राणीखेत) या रोगासारखे दिसते. पण आजार दिवसागणिक पसरतो, विषबाधेत मात्र एकाच जागी चरलेल्या अनेक कोंबड्या काही तासांतच आजारी पडतात. त्या ताबडतोब हलवा. हातमोजे घालून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पिसे धुवा, कोरडे करून उबेत ठेवा. तेल किंवा दूध पाजू नका. चरबीत विरघळणारे विष त्याने अधिक शोषले जाते. औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो घेऊन पशुवैद्यांकडे जा. वर सांगितलेल्या मज्जातंतूंवरील औषधांवर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण त्याची मात्रा पशुवैद्यांनीच ठरवायची. कोंबडी मेली तर पिशवीत घालून बर्फात ठेवा, गोठवू नका, आणि शवविच्छेदनासाठी द्या. त्या कळपाची अंडी पशुवैद्य सांगेपर्यंत टाकून द्या.

आपले,
परसातील कुक्कुटपालक