नळी बदलली, पण माप बदलले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीचा छंद आणि वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याची घरगुती यंत्रे यावर पानभर लेख आला. या विषयावर मराठीत सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे, यात वाद नाही. पण त्यात एक वाक्य आहे : ‘लहान प्रायमरवरून मोठ्यावर जायचे असेल तर नळी बदलायची, की पाच मिनिटांत यंत्र पुन्हा चालू.’ (प्रायमर म्हणजे काडतूस पेटवणारी बुडाची टोपी, आणि ही नळी बंदुकीची नव्हे, यंत्रात त्या टोप्या जिच्यातून येतात ती.) शेजारच्या छायाचित्रात यंत्रालगत प्रायमरची दोन खोकी दिसतात, एक लहान मापाचे, एक मोठ्या. दोन्ही उघडी. हे पत्र त्या वाक्याबद्दल आणि त्या दोन खोक्यांबद्दल आहे.

मी बत्तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्त झालो तरी डोळा अजून दोऱ्यांत मोजतो. मी आणि माझी मुलगी दोघेही क्लबात पिस्तूल चालवतो. ती .४५ एसीपी, मी ९ मिमी, ही दोन वेगळ्या काडतुसांची नावे. दोघांची काडतुसे मीच भरतो, जिथे कायद्याने मुभा आहे तिथे आणि रीतसर परवान्यावर. काही देशांत हा चारचौघांत मिरवायचा छंद आहे, तर काही ठिकाणी परवान्याशिवाय सरळ तुरुंग. हे लेखात कुठेतरी ठळक चौकटीत यायला हवे होते.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध एक गोल खोबण असते. तिच्यात जी इवलीशी धातूची टोपी घट्ट बसते तो प्रायमर. (लेखात एके ठिकाणी त्याला ‘प्राथमिक लेप’ म्हटले आहे. तो भिंतीला लावतात, साहेब. ठासणीच्या बंदुकीच्या काळापासून आपल्याकडे ‘टोपी’ हा चांगला शब्द आहे.) टोपीच्या आत चिमूटभर स्फोटक मसाला आणि त्यावर बारीक तिपाईसारखी ऐरण. बाहेरून पिस्तुलाच्या पिनचा ठोसा बसला की मसाला टोपीचा पत्रा आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो, पेट घेतो, आणि ज्वाळा बुडाच्या भोकातून आतल्या दारूला लागते. म्हणजे प्रायमर ही अशी वस्तू आहे जी चेपण्यासाठीच बनवलेली आहे. आणि आपण ती यंत्राने दाबून खोबणीत बसवत असतो. दाबायची, पण चेपायची नाही. सगळी कसरत एवढीच.

आता मापे. लहान प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे ४.४५ मिमी. मोठ्याचा ०.२१० इंच, म्हणजे ५.३३ मिमी. फरक एक मिलिमीटरचाही नाही. तळहातावर दोन्ही ठेवले तर चष्म्याशिवाय मला तरी ओळखता येत नाहीत. त्यातही पिस्तुलाचे वेगळे आणि रायफलचे वेगळे. मोठ्या मापात पिस्तूल आणि रायफल दोन्हींचा व्यास एकच, पण रायफलचा प्रायमर सुमारे ०.२ मिमीने उंच. लहान मापात तर उंचीही जवळपास सारखी, फक्त रायफलच्या टोपीचा पत्रा जाड. नळी त्या दोघांना सारख्याच प्रेमाने पोटात घेते. व्यासातली चूक यंत्र निदान अडून सांगते, जातीतली चूक ते सांगत नाही. तिथे खोक्यावरची चिठ्ठी हाच एक पुरावा, आणि म्हणूनच प्रायमर कारखान्याच्या मूळ खोक्यातून काढून बरणीत ओतून ठेवणाऱ्या माणसाच्या खोलीत मी पाऊल ठेवत नाही. सुटे प्रायमर भरलेली बरणी म्हणजे बरणी राहत नाही, बाँब होते.

प्रोग्रेसिव्ह यंत्राची गंमत अशी की दांड्याच्या प्रत्येक हेलपाट्याला तबकडीवरची प्रत्येक पुंगळी एकेक घर पुढे सरकते. एका घरात जुना प्रायमर निघतो आणि पुंगळी मापात येते, मग नवा प्रायमर बसतो, पुढे दारू, पुढे गोळी, शेवटी तोंड आवळले जाते. चार-पाच कामे एकाच वेळी चाललेली असतात आणि डोळे मात्र दोनच. प्रायमर उभ्या नळीतून येतात, एकावर एक शंभर. माझ्या आताच्या यंत्रात नळीखाली एक सरकपट्टी आहे. तिच्या टोकाला वाटी, वाटीत स्प्रिंग आणि दट्ट्या. पट्टी मागे जाऊन नळीतून एक प्रायमर वाटीत घेते, पुढे येऊन पुंगळीखाली उभी राहते, आणि दांडा परत ढकलला की दट्ट्या तो खोबणीत बसवतो. माप बदलायचे म्हणजे नळी तर बदलायचीच, पण वाटी आणि दट्ट्याही बदलायचा, नळीच्या टोकाची प्लास्टिकची चोच बदलायची, आणि प्रायमर टिपून घ्यायच्या हातनळ्याही त्या मापाच्या घ्यायच्या. मग पट्टी पुन्हा जुळवायची. वाटीची कड नळीच्या तोंडाला घासता कामा नये, आणि फट इतकीही नको की प्रायमर तिथे आडवा होईल. लेखकाने यातली फक्त नळी पाहिली, कारण बाहेरून दिसते ती तेवढीच.

पण सुटे भाग बदलणे हा सोपा अर्धा भाग. जोखीम आहे ती जुन्या मापाचे काही मागे राहण्यात.

माझे पहिले यंत्र सरकपट्टीचे नव्हते, फिरत्या चकतीचे होते. चकतीला कडेने भोके, प्रत्येक भोकात एक प्रायमर, आणि दर हेलपाट्याला चकती एक घर फिरायची. एका रात्री नळी रिकामी झाल्याची घंटी वाजली. मी खूश. लहान माप संपले, आता मोठे चढवू, म्हणून पेच सोडले आणि चकती उचलली. नळी रिकामी होती, चकती नव्हती. नळीपासून पुंगळीपर्यंतच्या वाटेवर जे प्रायमर चकतीत बसले होते ते मण्यांसारखे टेबलावर घरंगळले. बॅटरी लावून, गुडघ्यांवर बसून मी ते शोधले. मोजून एक कमी. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, माझ्या चपलेच्या तळाला रुतलेला. रात्रभर मी त्याच्यावरून चाललो होतो. तेव्हापासून नियम : घंटी वाजली की नळी संपली, यंत्र नाही. वाटेतला शेवटचा प्रायमर पुंगळीत बसेपर्यंत पेचाला हात लावायचा नाही.

आता दुसरी गोष्ट. तिच्यासाठीच खरे तर लिहायला बसलो.

.४५ एसीपीला परंपरेने मोठा प्रायमर लागतो. पण काही उत्पादक हेच काडतूस लहान प्रायमरच्या खोबणीचेही काढतात. बाहेरून पुंगळी तीच, लांबी तीच, तोंड तेच. नेमबाजीच्या रेंजवर वेचलेल्या पितळी पुंगळ्यांत अशी एखादी मिसळतेच. मी यंत्र व्यवस्थित मोठ्या मापावर आणलेले. वाटी मोठी, दट्ट्या मोठा, नळी मोठी, सगळे दोनदा तपासलेले. मुलगी शेजारी स्टुलावर बसून तयार काडतुसे डबीत लावत होती. साठ-सत्तर झाली असतील. दांडा परत ढकलताना हाताला जे लागते ते ज्याने हे काम केले आहे त्यालाच कळेल. नेहमी प्रायमर बसताना एक मऊ, भरीव ‘ठप’ जाणवते, पेटीचे झाकण नीट बसावे तशी. त्या वेळी ती आली नाही. दांडा अर्ध्या वाटेत थांबला. मी फिटर. पार्ट अडला की मनगट आपसूक जोर लावते, हा बत्तीस वर्षांचा रोग. मी जोर लावणार एवढ्यात ती म्हणाली, “बाबा, थांबा. आवाज वेगळा आला.” मला तर काही आवाज ऐकू आला नव्हता. “अगं, जरा अडलंय,” असे काहीतरी मी म्हणालो, पण हात काढला.

दांडा हळूच मागे घेतला, पुंगळी तबकडीतून काढली आणि उजेडात धरली. खोबण लहान. तिच्या तोंडावर मोठा प्रायमर तिरका टेकलेला, एक कड चेपून चंद्रकोरीसारखी झालेली. वरच्या नळीत आणखी तीसेक होते. दट्ट्याच्या पुढच्या चार किलो जोराने तो उडाला असता की नाही, मला माहीत नाही. एक उडाला की ठिणगी नळीत शिरून सगळी रांग एकदम जाऊ शकते, म्हणून तर नळीभोवती जाड पोलादी कवच असते. ते कवच बाजूंना सांभाळते. वरचे तोंड मोकळेच असते, आणि मी त्या तोंडावर वाकून ‘का अडलं’ ते बघायच्या बेतात होतो. डोळ्यांवर गॉगल होता, एवढीच काय ती अक्कल.

सांगायचे हे की त्या दिवशी यंत्र बरोबर होते. चूक पुंगळीत होती. माप यंत्राचे बदलून भागत नाही, पुंगळ्यांचे ढीगही त्याच मापाचे हवेत. आता मुलगी .४५ची प्रत्येक पुंगळी उलटी धरून बूड बघते, तेही जुना प्रायमर अजून आत असताना, म्हणजे त्याच्या गोलावरून लहान-मोठे चटकन कळते. मी फेरतपासणी करतो आणि दर वेळी तिच्या नजरेतून सुटलेली एखादी तरी निघेल अशी आशा धरतो. अजून निघालेली नाही.

जाता जाता, मूळ लेखातल्या इतिहासाच्या परिच्छेदाला थोडी पुरवणी. ज्यात ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असते ती रचना एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची. ज्यात ऐरण पुंगळीच्याच बुडात असते आणि भोके दोन, ती हायरम बर्डन या अमेरिकनाची. दोन्ही पेटंटे १८६६ सालची. पुढे अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपने बराच काळ अमेरिकनाची. आपण भरतो ती बॉक्सरची, कारण मधल्या एका भोकातून पिन घालून जुनी टोपी ढकलता येते. बर्डनची एखादी पुंगळी ढिगात आली की पिन मोडते. माझ्या तीन मोडल्या आहेत.

उरलेले भराभर सांगतो. प्रायमर नळीत अडकला तर सळई घालून ठोकायचा नाही. आमच्या छंदातले सगळ्यांत वाईट अपघात याच घाईत झालेले ऐकले आहेत. नळ्या आणि पट्टी कोरड्या फडक्याने पुसायच्या, कारण मसाल्याची बारीक पूड साचते आणि ती पूडही पेटते. तेलाचा हात प्रायमरला लावायचा नाही, नाहीतर ऐन वेळी बार फुसका जातो. मसाल्यात बहुधा शिशाचे संयुग असते, तेव्हा काम संपेपर्यंत तोंडात काही टाकायचे नाही आणि हात साबणाने धुवायचे. मुलगी मला चहाचा कप त्या खोलीत आणू देत नाही. बरोबर आहे तिचे.

माप बदलून झाले की मी लगेच दारू भरत नाही. आधी पाच पुंगळ्यांना नुसते प्रायमर बसवतो आणि बुडावरून बोटाचे पेर फिरवतो. प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या केसभर आत हवा, साधारण ०.०८ ते ०.१३ मिमी. बोटाला किंचित खळगा लागला पाहिजे. उंचवटा लागला तर रिव्हॉल्व्हरचे चक्र अडते, आणि स्वयंभरणाच्या हत्यारात चाप न ओढताही बार होऊ शकतो. पाचही ठीक असतील तरच पुढे. या सगळ्याला मला चाळीस मिनिटे लागतात. लेखातली पाच मिनिटे नुसत्या पेचांची.

आणि ती दोन खोकी. माप बदलायचे ठरले की माझे पहिले काम पाना उचलणे नसते. जुन्या मापाचे उरलेले प्रायमर एकेक करून त्यांच्याच खोक्यात परत जातात, खोके बंद होते, कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते. नवे खोके त्यानंतर बाहेर येते. टेबलावर एका वेळी एकच माप, एकच जात, एकच खोके. तुमच्या छायाचित्रकाराला रचना भरगच्च दिसावी असे वाटले असेल, समजू शकतो. पण ते छायाचित्र कापून एखादा नवखा आपल्या टेबलासमोर चिकटवेल, आणि तसेच मांडेल.

पुढच्या रविवारी ‘नळी बदलायची’ या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. छायाचित्र पुन्हा घेणार असाल तर डावीकडचे खोके काढून घ्या. त्यावरची चिठ्ठी भिंगाने वाचली, ते लहान मापाचे आहे, आणि तबकडीवर उभ्या आहेत त्या पुंगळ्या .४५च्या.

आपला,
एक निवृत्त फिटर